खोडलेल्या रेघांची साक्ष
(स्मृतिव्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते सर आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत राहिले. शाळा सुटल्यावर दुकानांच्या पाट्या, उत्सवांचे फलक, पतपेढ्यांची बोधचिन्हं अशी कामंही त्यांच्याकडे यायची. संयोजकांनी बाहेरच्या दालनात त्यांची पूर्ण झालेली कामं भिंतीवर लावली आहेत आणि खाली टेबलावर त्यांच्या वह्या मांडल्या आहेत. आत येताना आपल्यातले बहुतेक जण भिंतीपाशी रेंगाळले. माझं आजचं बोलणं टेबलाच्या बाजूने आहे.

ग्राफिक डिझायनरची वही उघडली की आपण त्यात एक क्षण शोधू लागतो. कल्पना सुचली तो क्षण. तो बहुधा सापडत नाही. सापडतात ती अर्धी सोडलेली चित्रं, काट मारलेली अक्षरं, एकाच चिन्हाचे वेगवेगळे प्रयत्न. काय काय सुचलं होतं आणि त्यातलं काय बाजूला ठेवलं, हे त्या पानांवर स्वच्छ दिसतं. माझं म्हणणं असं की सर्जनाचा मोठा भाग या बाजूला ठेवण्यात असतो आणि त्याचा पुरावा छापून आलेल्या कामात कुठेच उरत नाही. तो फक्त वहीत असतो.

पण या विषयात एक टॅक्सी नेहमी आडवी येते, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

१९७०च्या दशकात न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं आणि पर्यटक यावेत म्हणून तिथल्या राज्य सरकारने जाहिरातमोहीम आखली. तिच्यासाठी बोधचिन्ह करण्याचं काम मिल्टन ग्लेसर यांच्याकडे आलं. टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसल्याबसल्या त्यांनी एका पाकिटाच्या तुकड्यावर लाल क्रेयॉनने ‘आय’, मग बदाम, मग ‘एन वाय’ असं रेखाटलं. तो तुकडा आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे ‘मोमा’मध्ये आहे. गोष्ट इतकी सुटसुटीत आहे की ती ऐकणाऱ्याला वाटतं, प्रतिभा असेल तर वही कशाला हवी? पाकीट पुरतं.

ग्लेसरनीच सांगितलेला आधीचा भाग मात्र या गोष्टीतून गळून जातो. टॅक्सीत बसण्याआधी त्यांनी याच कामासाठी दुसरं एक डिझाइन दिलं होतं आणि ते मंजूरही झालं होतं. मंजूर झालेलं काम म्हणजे संपलेलं काम, असा आपला व्यवहार. ग्लेसरच्या डोक्यात ते संपलं नव्हतं. टॅक्सीत नवं सुचल्यावर त्यांनी फोन करून सांगितलं की आधीचं राहू द्या, माझ्याकडे याहून चांगलं आहे. आता पाकिटाकडे नीट पाहा. तिथे सगळं एका ओळीत आहे. आपल्याला टी-शर्टवर आणि कपांवर दिसतं त्यात ‘आय’ आणि बदाम वर, ‘एन वाय’ खाली, अशी चौकोनी मांडणी आहे आणि अक्षरं टाइपरायटरच्या वळणाची आहेत. म्हणजे पाकिटाच्या आधी एक नकार आहे आणि नंतर आणखी एक. टॅक्सी ही मधली जागा आहे.

डिझायनर पॉला शेर यांच्या नॅपकिनचंही असंच. १९९८ साली सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स या दोन बलाढ्य कंपन्या एकत्र आल्या. ट्रॅव्हलर्सची खूण होती लाल छत्री. नव्या कंपनीच्या बोधचिन्हासाठीच्या पहिल्याच बैठकीत शेर यांनी कागदी नॅपकिनवर ‘सिटी’ असं लिहून ‘टी’ या रोमन अक्षरावर एक कमान काढली. अक्षराची खालची वळलेली शेपटी झाली छत्रीची मूठ आणि कमान झाली छत्रीचं कापड. काढायला काही क्षण लागले, मंजुरीच्या बैठका मात्र नंतर बराच काळ चालल्या. शेर १९७०च्या दशकात सीबीएस कंपनीत रेकॉर्डची वेष्टनं करत होत्या. तिथपासून शेकडो कामांमध्ये अक्षरांशी झटापट करून झाल्यावर तो नॅपकिन त्यांच्यासमोर आला होता. त्या झटापटीतली पानं कोणी चौकटीत घालून टांगत नाही, आणि म्हणून नॅपकिन चमत्कारासारखा दिसतो.

आता चमत्कार बाजूला ठेवून प्रत्यक्ष एका वहीच्या पानाकडे वळू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये चौकटीच्या कागदाची, शाळकरी वहीची एक पानजोडी आहे. तिच्यावर पेन्सिल आणि रंगीत शाईने भुयारी रेल्वेचे मार्ग काढलेले आहेत. साल १९३१. काढणारे हॅरी बेक हे रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेले ड्राफ्ट्समन. नकाशा काढा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तोवरचे नकाशे भूगोलाला धरून होते. मार्ग जमिनीखाली जसे वळतात तसे ते कागदावर वळायचे. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्टेशनांची नावं एकमेकांवर चढायची आणि उपनगरांकडे कागद रिकामा पडायचा. बेक यांनी विचारलेला प्रश्न प्रवाशाचा होता. भुयारात बसलेल्या माणसाला वर कोणता रस्ता आहे याच्याशी काय करायचंय? पुढचं स्टेशन कोणतं आणि गाडी कुठे बदलायची, एवढंच त्याला हवं. म्हणून त्यांनी वळणं टाकली आणि आडव्या, उभ्या व ४५ अंशांतल्या तिरक्या रेषा ठेवल्या. अंतरं टाकली, मधला गजबजलेला भाग फुगवला आणि उपनगरं आत ओढली. छापील नकाशात जमिनीवरची एकच खूण उरली, ती म्हणजे थेम्स नदी.

हे पान पाहताना मला एक गोष्ट जाणवते. बेक यांनी नवीन असं फार थोडं काढलं आहे. विजेच्या मंडलांच्या आकृत्या त्यांच्या रोजच्या कामातल्याच होत्या, आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या मासिकासाठी स्वतःच्याच नकाशाची विजेची मंडलाकृती करून त्यांनी थट्टाही केली. नवी होती ती टाकून देण्याची हिंमत. प्रसिद्धी विभागाला ती जड गेली आणि १९३१ साली नकाशा परत आला. १९३२ मध्ये थोड्या प्रती चाचणीसाठी निघाल्या आणि जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावणारा नकाशा प्रवाशांच्या हातात पडला. त्यानंतरही १९६०पर्यंत बेक तो दुरुस्त करत राहिले. वहीतलं ते पान त्यांच्यासाठी कधी बंदच झालं नाही.

आज मला जास्त वेळ थांबायचं आहे ते दुसऱ्या एका वहीपाशी. तीही चौकटीचीच आहे.

सूझन केअर यांचं शिक्षण कलेतलं, डॉक्टरेट न्यूयॉर्क विद्यापीठाची. संगणकाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचा शाळेपासूनचा मित्र अँडी हर्ट्झफेल्ड अॅपल कंपनीत मॅकिंटॉश नावाचं यंत्र घडवत होता. त्या यंत्राच्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे नव्हते, छोट्या चित्रांवर माउसने क्लिक करायचं होतं. ही चित्रं काढणार कोण? हर्ट्झफेल्डने त्यांना सुचवलं की चौकटीचा कागद घे, ३२ बाय ३२ घरं आख आणि हवी ती घरं काळी कर. केअर यांनी आलेखवही विकत आणली.

या मर्यादेचा अंदाज घ्या. एका चित्राला १०२४ घरं. प्रत्येक घर काळं किंवा पांढरं. करडा रंग नाही, अर्धं घर नाही. तिरकी रेघ काढली तर ती पायऱ्यांची होते आणि गोल काढला तर त्याला कोपरे येतात. एक घर इकडचं तिकडे झालं तर हसरा चेहरा खत्रुड दिसायला लागतो. भरतकाम आणि मोझाइक हे प्रकार केअर यांना ठाऊक होते, त्यामुळे मोजून टाके घालण्याची ही शिस्त त्यांना परकी वाटली नाही. पडदा नवा होता, मोजदाद जुनी होती.

वहीची पानं पाहताना कळतं की काही शब्दांची चित्रं लगेच सुटली. ‘कट’ म्हणजे कात्री. रंगवण्यासाठी कुंचला. पण ‘कॉपी’चं चित्र कसं काढायचं? कात्री ही वस्तू आहे, नक्कल ही वस्तू नाही. केअर यांनी नकला काढणारं यंत्र काढून पाहिलं. आरशात पाहणारं मांजरही काढून पाहिलं, कारण नकल्या माणसाला इंग्रजीत कॉपीकॅट म्हणतात. मांजर गोड आहे, कल्पना हुशार आहे, आणि ती सोडून दिली आहे. का सोडली असेल, याचा विचार प्रत्येक विद्यार्थ्याने करावा. कोटी एकाच भाषेत चालते. ती कळायला वेळ लागतो आणि ती कळण्यात गंमत असते, तर बटणाच्या चित्रात गंमत कळायला वेळ लागून चालत नाही. चांगली कल्पना आणि उपयोगाची कल्पना यांच्यातला फरक कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हे मांजर अधिक नेमकं शिकवतं. यंत्राच्या पडद्यावर मात्र ते आलं नाही. वही नसती तर ते कधी होतं हेही कोणाला कळलं नसतं.

मॅकिंटॉशच्या कळफलकावरच्या ‘कमांड’ कळीची गोष्ट याला जोडूनच येते. मेनूमध्ये प्रत्येक हुकमापुढे कंपनीचं सफरचंद दिसत होतं. स्टीव्ह जॉब्झना ते फार झालं असं वाटलं आणि चिन्ह बदलायचं ठरलं. वेळ थोडा होता. केअर यांनी आंतरराष्ट्रीय चिन्हांचा कोश चाळला आणि चारही कोपऱ्यांत फास असलेलं एक चिन्ह निवडलं. स्वीडनमध्ये ते पाहण्याजोग्या ठिकाणांच्या पाटीवर असतं. इथे केअर यांनी काहीच ‘निर्माण’ केलं नाही असं कोणी म्हणू शकेल. पण कोशाच्या असंख्य चिन्हांतून हेच उचलणं, कमी घरांत ते मोडणार नाही हे ओळखणं आणि ते कोणत्याही एका भाषेशी बांधलेलं नाही, म्हणून सगळ्यांना सारखंच शिकता येण्याजोगं आहे हे हेरणं ही त्यांचीच नजर आहे. ती नजर वहीच्या पानापानांवर तयार झाली होती.

मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी लोकांसमोर आला. २०१५ मध्ये मोमाने केअर यांची रेखाटनं संग्रहात घेतली. या दोन्ही तारखांच्या आधीचा एक बारीक तपशील आहे आणि माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. पुढे हर्ट्झफेल्डने केअर यांना पडद्यावरच घरं काळी-पांढरी करण्याचं साधन तयार करून दिलं. काम वेगाने होऊ लागलं. पण पडद्यावर एक घर पुसलं की ते पुसलंच जातं. मागे खूण राहत नाही. म्हणजे आज आपल्या हाती वही आहे ती त्या सुरुवातीच्या काळात साधन तयार नव्हतं म्हणून. सोय आली आणि साक्ष गेली. आज आपण सगळेच त्या साधनाच्या पुढच्या आवृत्त्यांवर काम करतो. एका कळीने मागे जातो, त्याच फाइलवर पुन्हा सेव्ह करतो. नकार आजही होतात, पूर्वीपेक्षा जास्त होत असतील, पण त्यांचा माग उरत नाही.

मग प्रश्न येतो की पेन्सिलीत असं काय आहे? नुसती नोंद ठेवायची तर संगणकालाही शिकवता येईल. हैफा इथल्या टेक्निऑन संस्थेतल्या गॅब्रिएला गोल्डश्मिट यांनी वास्तुरचनाकार रेखाटताना कसा विचार करतात याचा अभ्यास केला आणि १९९१ मध्ये तो मांडला. त्यांच्या निरीक्षणात विचार दोन पायांवर चालतो. एकदा रेखाटणारा म्हणतो, हे अमुकसारखं दिसतंय. लगेच म्हणतो, तसं असेल तर याचा अर्थ अमुक होतो. पहिल्यात नजर मोकळी सुटते, दुसऱ्यात तिला लगाम बसतो. हे आलटूनपालटून होत राहतं आणि त्यातून मनात नसलेली गोष्ट कागदावर येते.

ढिल्या रेघेचा गुण इथे आहे. तिच्यात अजून काही ठरलेलं नसतं. दोन रेघा चुकून एकमेकींना छेदतात आणि तिथे तिसराच आकार दिसतो. संगणकावरची रेघ पहिल्या क्षणापासून ठाम असते. तिची जाडी ठरलेली, टोकं गुळगुळीत, रंग पक्का. अर्धवट विचारही तिच्यात पूर्ण झाल्यासारखा दिसतो, आणि पूर्ण दिसणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायला मन धजत नाही. कार्यालयातलेही फसतात, ग्राहकही फसतो. कच्च्या रेखाटनाला मात्र सगळेच मोकळेपणाने नाकारू शकतात. थोडक्यात, ते स्वस्त असतं म्हणून उपयोगी असतं.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. मी आत्तापर्यंत दाखवलेली पानं देखणी आहेत, संग्रहालयांनी निवडलेली आहेत. खरी वही बरीच कंटाळवाणी असते. न्यूयॉर्कचे डिझायनर मायकेल बीरूट १९८२पासून साध्या, बिनओळींच्या वह्या वापरत आले आहेत. त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली. त्यांतली पानं त्यांनी लोकांसमोर ठेवली आहेत. त्यांत बैठकीतली टिपणं आहेत, फोन नंबर आहेत, करायच्या कामांच्या याद्या आहेत, आणि मधेच कुठेतरी कोपऱ्यात एक चिन्ह आहे. मला हे फार खरं वाटतं. ग्राहक काय म्हणाला हे लिहिता लिहिताच हात आकार शोधू लागतो. यादी आणि रेखाटन एकाच पानावर असणं हाच तिथला अर्थ आहे. उलट, आजकाल केवळ दाखवण्यासाठी भरलेल्या वह्याही दिसतात. प्रत्येक पान सजवलेलं, एकही काट नाही. अशी वही सुंदर असेल, पण तिच्यातून प्रक्रियेविषयी काहीही कळत नाही, कारण तिच्यात काही नाकारलेलंच नाही.

आता आपल्याकडे येऊ. देवनागरी अक्षर घडवणाऱ्याला चौकटीचा प्रश्न रोमनपेक्षा अवघड पडतो. वर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार, मधे अक्षराचं अंग, आणि शिवाय जोडाक्षरं. केअर यांच्यासारखी मोजकी घरं दिली तर ‘र्की’ किंवा ‘ष्ट्रू’ कसं बसवायचं? प्रा. र. कृ. जोशी यांनी हा प्रश्न आयुष्यभर वेगवेगळ्या बाजूंनी हाताळला. ते जाहिरात क्षेत्रात होते, मग पवईच्या आयआयटीत शिकवत होते, हस्तलिखितांचे अभ्यासक होते, प्रयोगशील कवी होते. सरकारी कचेऱ्यांत आणि घरोघरी संगणकावर मराठी वाचणाऱ्या पिढीने विंडोजवरच्या ज्या ‘मंगल’ अक्षरात वाचलं, ते त्यांचं. ज्या अक्षरात आपण रोज वाचत आलो त्याच्या घडणीत किती वळणं टाकली गेली असतील, याची कल्पना मंगल वापरणाऱ्या किती जणांना आहे?

रुपयाच्या चिन्हाकडे पाहा. १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारलं गेलं. ते करणारे उदय कुमार पवईच्या त्याच आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन करत होते. चिन्हात देवनागरी ‘र’ आहे, शिरोरेषा आहे, आणि तिच्याखाली समांतर दुसरी रेघ आहे. रोमन ‘आर’ही आहे, पण त्याची उभी दांडी काढून टाकलेली आहे. ती दांडी ठेवली असती तर ‘र’ दिसलाच नसता. आपण रोज बाजारात वापरतो त्या खुणेत असा एक नकार कोरलेला आहे.

आणि कमल शेडगे. गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून मराठी नाटकांच्या जाहिरातींना त्यांच्या अक्षरांनी चेहरा दिला. वर्तमानपत्राच्या त्या पानावर शेजारीशेजारी कितीतरी नाटकं, प्रत्येकाला बोटभर जागा. तिथे नाटकाचं नाव वाचलं गेलं पाहिजे आणि नाटक विनोदी की ऐतिहासिक की काळजाला भिडणारं, हेही अक्षरावरून कळलं पाहिजे. शिरोरेषा ठेवायची की तोडायची, वेलांटी कुठवर ओढायची, शेवटच्या अक्षराची दांडी खाली उतरवायची का, असे निर्णय प्रत्येक नावापुढे नव्याने उभे राहायचे. सुदैवाने शेडगे यांनी ‘माझी अक्षरगाथा’ लिहून आपल्या कामाची हकिगत मागे ठेवली. बहुतेक अक्षरकारांनी तेवढंही ठेवलं नाही. आपल्या धंद्याची रीत अशी होती की आर्टवर्क छापखान्यात गेलं, ब्रोमाइड निघालं, अंक बाजारात आला की रफ कागद रद्दीत. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं संग्राहकांनी जपली. मुखपृष्ठापर्यंत पोहोचण्याआधीची ट्रेसिंगं कोणी मागितली नाहीत, आणि कोणी मागत नाही म्हणून करणाऱ्यानेही ती ठेवली नाहीत.

याचा परिणाम शिकवण्यावर होतो. विद्यार्थ्यासमोर आपण थोरांची फक्त पूर्ण झालेली कामं ठेवतो. ती पाहून त्याची समजूत होते की थोरांना पहिल्यांदाच बरोबर सुचतं आणि आपल्याला सुचत नाही, म्हणजे आपण थोर नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो आपणच त्याच्या हातात देतो.

गणिताच्या उत्तरपत्रिकेत कच्च्या कामासाठी उजवीकडे रकाना आखतात. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर गुण मिळतात. आपल्या राज्यात लाखो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसत आली आहेत. त्यात संकल्पचित्राचा पेपर असतो. परीक्षकापुढे येतो तो रंगवलेला एकच कागद. मुलाने आधी काय करून पाहिलं, ते का सोडलं, हे तपासण्याची सोय त्यात नाही. माझी सूचना साधी आहे. संकल्पचित्राच्या कागदाबरोबर कच्च्या रेखाटनांचा एक कागद घ्यावा आणि त्याला गुण ठेवावेत. तो कागद स्वच्छ असेल तर गुण कमी करावेत. उपयोजित कलेच्या महाविद्यालयांत तर हे आजच करता येईल. अंतिम फाइल स्वीकारताना सोबत नाकारलेल्या पर्यायांची पानं मागा, आणि प्रत्येक पर्यायापुढे तो का सोडला याचं एक वाक्य लिहायला सांगा. हे एक वाक्य लिहिताना मुलं अडखळतात असा माझा अनुभव आहे, आणि अडखळतात तिथेच शिकणं सुरू होतं.

दुसरी सूचना आपल्या सगळ्यांसाठी. मोमाने आलेखवही संग्रहात घेतली, लंडनच्या संग्रहालयाने शाळकरी वहीचं पान जपलं. आपल्याकडे त्यासाठी भव्य इमारतीची वाट पाहायला नको. तालुक्याच्या वाचनालयात एक कपाट पुरेल. पाट्या रंगवणारे, लग्नपत्रिकांची अक्षरं काढणारे, नाटकांचे फलक करणारे, मुखपृष्ठकार, कापडावर छापण्याचे ठसे कोरणारे, या सगळ्यांच्या घरांत जुन्या वह्या असतील. घर आवरताना त्या रद्दीवाल्याकडे जातात, कारण त्यात पूर्ण असं काही नसतं. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांना माझी विनंती आहे. ती देऊन टाकण्याआधी पहिल्या पानावर करणाऱ्याचं नाव, साल आणि काम कोणासाठी होतं एवढं पेन्सिलीने लिहा, खोडलेलं पान फाडू नका आणि मग ती वाचनालयात नेऊन द्या. पुढच्या अभ्यासकाचं निम्मं काम तेवढ्यानेच होईल.